भिंतीकडे तोंड केलेली तसबीर

“हुजूर, एक विचारू का?”

कापितोन लुकिच दारातच उभे होते. माझ्या एका हातात आरसा होता आणि वरच्या ओठावर खोटी मिशी. ती डाव्या बाजूनं सारखी सुटत होती. चार वाजता गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्यावर नाटकाची तालीम होती. त्या फ्रेंच प्रहसनात मला संशयी काकाचं काम मिळालं होतं, आणि संशयी काकाला मिशी हवीच असं गव्हर्नरांच्या पत्नीचं ठाम मत होतं.

“विचारा,” मी ओठ शक्य तितका न हलवता म्हणालो.

“फेतीन्या बुराकोवाचं प्रकरण. अभिप्राय आपण सांगितलात तसाच लिहायचा?”

“मग कसा लिहायचा?”

“नाही, म्हणजे हुजुरांनी सगळे कागद पाहिले असतील तर...”

“हवालदाराचा जबाब पाहिला मी. तेवढा पुरे आहे.”

“बाईचाही जबाब आहे, हुजूर. दोन पानी.”

मी आरसा खाली ठेवला. “कापितोन लुकिच, किती वर्षं झाली तुम्हाला या कचेरीत?”

“सव्वीस.”

“सव्वीस वर्षांत सम्राटांच्या तसबिरीचा अपमान केलेल्या एकाही माणसानं ‘होय, केला मी अपमान’ असा जबाब दिलाय?”

“नाही, हुजूर.”

“मग लिहा.”

“लिहितो,” ते म्हणाले आणि दार अलगद लावून गेले.

ही गोष्ट १९०२ सालच्या मे महिन्यातली. मी, वालेरियन ओसिपोविच रेब्रोव, तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. व्होल्गेच्या एका उपनदीकाठी झारेचेन्स्क नावाचं गाव होतं. तिथल्या जिल्हा न्यायालयात मी सहायक सरकारी वकील होतो. गावात एक कॅथेड्रल, दोन साबणाचे कारखाने आणि पुष्कळ चिखल होता. मला तिथून बाहेर पडायचं होतं. पीटर्सबर्गला न्यायखात्यात बदली मागणारा माझा अर्ज तिथे सव्वा वर्ष पडून होता, आणि गव्हर्नरसाहेबांनी दोन ओळींचं पत्र दिलं असतं तर तो हलला असता. म्हणून मी संशयी काका झालो होतो.

माझे वरिष्ठ, मुख्य सरकारी वकील एदुआर्द फ्रान्त्सेविच श्टाल, मूत्रपिंडाच्या विकारासाठी कॉकेशसच्या झऱ्यांवर गेले होते. महिनाभर कचेरी माझ्या हाती होती.

बुराकोवाचं प्रकरण साधं होतं. ही विधवा नदीच्या उतारावर, होडीच्या धक्क्यापाशी, चहाघर चालवायची. तिथे भिंतीवर सम्राटांची तसबीर होती, काचेच्या चौकटीत. तिचा एकुलता मुलगा सैन्यात होता. एप्रिलमध्ये त्याला क्षय झाला म्हणून घरी धाडून दिलं, आणि आल्यापासून अकराव्या दिवशी तो गेला. चहाघराच्याच टेबलावर ती त्याचं प्रेत धूत असताना गावचा पोलीस हवालदार आत आला. त्याला तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली दिसली. त्यानं विचारलं, हे काय? ती म्हणाली, “पोराला नेताना तुम्ही यांचं नाव सांगितलंत. आता पोर आलंय. यांना बघवणार नाही.”

हवालदारानं ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं. बाई तीन आठवडे जिल्ह्याच्या तुरुंगात होती. मुलाला मूठमाती द्यायलाही तिला जाता आलं नाही. गव्हर्नरसाहेबांनी मला तालमीच्या मधल्या सुट्टीत खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “हे असलं सौम्यपणे घेतलं ना, की पसरतं.” मला तेवढा इशारा पुरेसा होता. असले खटले सरळ कोर्टात उभे राहत नसत. आधी सरकारी वकिलाचा अभिप्राय पीटर्सबर्गला न्यायमंत्र्यांकडे जायचा आणि तिथे काय ते ठरायचं. खटला चालवावा, कडक कलम लावावं, असं लिहायला मी कापितोन लुकिचना सांगितलं. त्या कलमाखाली तिला सायबेरियात सक्तमजुरी होऊ शकत होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ते सह्यांचा गठ्ठा घेऊन आले. कापितोन लुकिच झेर्नोव हे आमचे हेडकारकून. साठीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले. कोपरापाशी झिजलेला पण रोज ब्रश मारलेला कोट. त्यांचं अक्षर असं की पीटर्सबर्गहून आलेल्या एका तपासणी अधिकाऱ्यानं नमुना म्हणून एक पान मागून नेलं होतं. सही घ्यायची त्यांची एक पद्धत होती. कागदाचा वरचा कोपरा दोन बोटांनी धरायचा, मी सही केली की टिपकागद दाबायचा, आणि दुसऱ्या हातानं पुढचा कागद सरकवायचा. माझी नजर कागदावर पडायची तेव्हा सहीची जागाच समोर यायची. वर काय लिहिलंय ते पाहायची वेळ माझ्यावर दोन वर्षांत आली नव्हती.

त्या दिवशी मात्र मध्येच त्यांचा हात थांबला.

“हुजूर, हा बुराकोवाचा अभिप्राय. वाचून दाखवू?”

बाहेर गाडी उभी होती. गव्हर्नरांची पुतणी, लिडिया, माझ्याबरोबर संवाद पाठ करणार होती.

“तुम्ही लिहिलाय ना?”

“हो, हुजूर. मीच.”

“मग झालं तर.”

मी सही केली. त्यांनी टिपकागद दाबला. मला आठवतं तसं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबून धरला. पण आठवणीचं काही सांगता येत नाही. हे मी नंतर घातलेलंही असेल.

नाटक झालं. मिशी दुसऱ्या अंकात सुटली आणि त्याला प्रचंड हशा मिळाला. जूनच्या सुरुवातीला एदुआर्द फ्रान्त्सेविच परत आले, गोरेपान आणि ताजेतवाने, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. ते बाल्टिक जर्मन. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहणं आणखी अवघड जायचं.

“बसा, वालेरियन ओसिपोविच. माझ्यामागे गेलेल्या कागदांच्या नकला पाहत होतो. हा तुमचाच?”

त्यांनी कागद पुढे केला. खाली माझी सही होती, वर कापितोन लुकिचचं अक्षर. मी वाचू लागलो. पहिल्या परिच्छेदात प्रकरणाची हकीकत होती, आणि दुसऱ्या परिच्छेदापासून माझे कान तापत गेले.

‘घरात प्रेत असेल तोवर काच झाकावी किंवा भिंतीकडे फिरवावी,’ असं तिथे लिहिलं होतं, ‘ही या भागातली जुनी रीत आहे. सम्राटांची तसबीर काचेच्या चौकटीत होती. प्रेत सम्राटांच्याच सैन्यातल्या शिपायाचं होतं. आपल्या शिपायाचा असा शेवट महाराजांना पाहावा लागू नये म्हणून आईनं तसबीर फिरवली. या कृतीत अपमान नाही, आदर आहे. तिच्या तोंडचे शब्दही हेच सांगतात. प्रस्तुत प्रकरणी सम्राटांच्या प्रतिष्ठेला कुणाकडून धक्का लागला असेलच, तर तो त्या इसमाकडून, ज्याला मुलाचं प्रेत धुणारी आई समोर असताना आधी तसबीर दिसली. बाईला तात्काळ मुक्त करावं आणि प्रकरण बंद करावं, असं माझं मत आहे.’

माझं मत!

“तर?” एदुआर्द फ्रान्त्सेविच म्हणाले.

त्या एका क्षणात मी दोन्ही उत्तरांची किंमत करून पाहिली. हा कागद माझा नाही म्हणालो, तर सम्राटांच्या मानहानीच्या प्रकरणात मी न वाचता सही करतो हे कबूल करावं लागणार. माझा आहे म्हणालो, तर गव्हर्नर, लिडिया, पीटर्सबर्ग, सगळ्यावर पाणी सोडायचं.

“माझाच,” मी म्हणालो. धैर्य नव्हतं ते. न वाचता सही करणारा मूर्ख ठरण्याची भीती जास्त जवळची होती, एवढंच.

“हं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “शेवटून दुसरं वाक्य फार धीट आहे. मी इथे असतो तर काढायला लावलं असतं. आता काय, गेला कागद. वाट पाहायची.”

मी माझ्या खोलीत आलो. बाहेरच्या खोलीत कापितोन लुकिच मान खाली घालून लिहीत होते. चारी कारकून समोर. मला ओरडायचं होतं. पण ओरडून म्हणणार काय? तुम्ही लिहिलेलं मी वाचलं नाही, हे?

मी दार लावून घेतलं आणि तक्रार लिहायला बसलो. ‘हेडकारकून झेर्नोव यानं दिलेल्या सूचनेच्या विरुद्ध मजकूर लिहून विश्वासघातानं सही मिळवली.’ तीनदा लिहिली. तिसऱ्यांदा चांगली जमली. घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पीटर्सबर्गचं उत्तर वाईट आलं तर ही पुढे करायची आणि झेर्नोवला तुरुंगात पाठवायचं. चांगलं आलं तर... चांगलं येण्याची शक्यता मी धरलीच नव्हती.

तो कागद खिशात घेऊन मी नऊ दिवस काढले. सहाव्या दिवशी सही घ्यायला आलेले कापितोन लुकिच टिपकागद दाबता दाबता हळूच म्हणाले, “हुजूर, बुराकोवाचा कागद... ठीक होता ना?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. आत्ता विचारून टाकता आलं असतं. त्यांनी बहुधा त्यासाठीच विचारलं असावं. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता आणि कागदाचा कोपरा त्यांनी अजून सोडला नव्हता.

“अक्षर नेहमीप्रमाणेच सुंदर होतं,” मी म्हणालो.

मग त्यांनी मान लववली, जरा जास्तच खाली, आणि गेले. त्या लववण्याचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही. खरं तर मी लावायला गेलो नाही.

दहाव्या दिवशी पीटर्सबर्गहून जाडजूड लखोटा आला. एदुआर्द फ्रान्त्सेविचनी मला बोलावलं, स्वतः उठून दार लावलं, आणि उभ्यानंच वाचून दाखवलं. बाईची तात्काळ सुटका. प्रकरण बंद. आणि पुढे असं की, सहायक सरकारी वकील रेब्रोव यांचा अभिप्राय कायद्याचं ज्ञान, राजनिष्ठा आणि निर्भय विवेक यांचा आदर्श असून, तो सर्व प्रांतांच्या सरकारी वकिलांना नमुना म्हणून पाठवण्यात येत आहे. रेब्रोव यांच्या नावाची सेंट आन्ना पदकासाठी शिफारस झाली आहे, आणि शरद ऋतूत त्यांनी खात्यात रुजू व्हावं.

“मला काही समजत नाही,” मी म्हणालो. त्या साऱ्या प्रकरणात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

“सोपं आहे,” एदुआर्द फ्रान्त्सेविच म्हणाले. “कुणी दारूच्या नशेत तसबिरीवर कांदा फेकतो, कुणी झुरळ मारायला जातो आणि चपराक तसबिरीला बसते, आणि आमचे लोक प्रत्येकाला राजद्रोही ठरवून पीटर्सबर्गला कागद धाडतात. परदेशातली वर्तमानपत्रं हसतात. वरच्यांना असली प्रकरणं थांबवायची होती, पण आपण होऊन कोण म्हणणार? खालून कुणीतरी म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणालात. अगदी वेळेवर.” त्यांनी लखोटा माझ्या हातात दिला. “शेवटून दुसरं वाक्य तर त्यांनी ठळक छापलंय.”

संध्याकाळी गव्हर्नरसाहेबांनी मला चारचौघांत मिठी मारली. “पहिल्या दिवसापासून माझं हेच मत होतं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आठवतंय ना, मी तुम्हाला म्हणालो होतो?”

“आठवतंय,” मी म्हणालो.

खिशातली तक्रार मी घरी जाऊन चुलीत टाकली. तीही तिसऱ्या खेपेला फार चांगली उतरली होती.

त्या आठवड्यात फेतीन्या बुराकोवा कचेरीत आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. ठेंगणी, रुंद बांध्याची, काळा रुमाल बांधलेली, हातात टोपली. टोपलीत धुरावलेले मासे. आत येताच तिनं जमिनीवर डोकं टेकलं. मी उठवलं तेव्हा तिनं माझा हात धरून त्याचं चुंबन घेतलं.

“बाबा, माझ्यासाठी आपलं डोकं सुळावर ठेवलंत. सगळा उतार बोलतोय. सरकारी वकील असून!”

कापितोन लुकिच माझ्याच खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलाशी, काहीतरी उतरवून घेत होते. त्यांच्या बोरूचा आवाज थांबला नाही.

“कायद्यानं जे होतं ते मी केलं,” मी म्हणालो.

“सुटकेच्या हुकुमाला जोडलेला तो कागद आमच्या पाद्रीबाबांनी वाचून दाखवला. ‘महाराजांना आपल्या शिपायाचा शेवट पाहावा लागू नये.’ मी रडले बाबा, ऐकून. इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं.” तिनं रुमालाच्या टोकानं नाक पुसलं आणि आवाज खाली आणला. “पण देवाशप्पथ, तुमच्याशी खोटं नाही बोलवत. मला राग आला होता त्यांचा. असा राग की... धडधाकट पोर नेलं, आणि हे काय परत पाठवलं? म्हटलं, बघ भिंतीकडे आता. म्हणून फिरवली. काचबिच काही माझ्या डोक्यात नव्हतं.”

बोरू थांबला.

“हे तू बोलली नाहीस,” मी म्हणालो, “आणि मी ऐकलं नाही.”

“बरं बाबा.” ती समजल्यासारखी हसली. मग कोपऱ्याकडे पाहून म्हणाली, “हे कोण?”

“कारकून.”

“कारकूनबाबा, तुम्ही या देवमाणसाच्या हाताखाली आहात, नशीबवान आहात. त्यांच्यासाठी प्रार्थना करा हो.”

“करतो मी,” कापितोन लुकिच म्हणाले. “रोज करतो.”

ती गेल्यावर मी खुर्चीत बसलो. म्हणजे हवालदार बरोबर होता आणि मी सांगितलेला अभिप्राय, कायद्याच्या शब्दापुरता बोलायचं तर, खरा होता. कापितोन लुकिचनी लिहिलेला तो सुंदर कागद आरंभापासून शेवटपर्यंत चूक होता. त्यावर माझी सही होती आणि साम्राज्यातले सगळे सरकारी वकील तो नमुना म्हणून वाचत होते. मला हसू आलं असतं, पण कोपऱ्यातून बोरूचा आवाज पुन्हा सुरू झाला.

तो आवाज मला सहन होईना. खरंच सांगतो, त्यांनी काही केलं नाही. मागितलं नाही, सुचवलं नाही, नजरेनंसुद्धा नाही. आधीसारखेच यायचे, कोपरा दोन बोटांनी धरायचे, टिपकागद दाबायचे. लोक अभिनंदन करायला यायचे तेव्हा खुर्च्या आणून ठेवायचे. एकदा एका वकिलानं ते ठळक वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि ‘हे सुचलं कसं तुम्हाला?’ विचारलं. मी कसाबसा म्हणालो, “सहज.” कापितोन लुकिच त्याच वेळी चहाचा समोवार आत आणत होते. त्यांनी तो टेबलावर ठेवला, इतका अलगद की त्याचं झाकणही वाजलं नाही.

शरद ऋतूला अजून अडीच-तीन महिने होते. तीन आठवड्यांनी मी एदुआर्द फ्रान्त्सेविचकडे गेलो.

“झेर्नोवना आता विश्रांती द्यावी असं वाटतं. डोळे अधू झालेत त्यांचे.”

ते खिडकीतून बाहेर पाहत होते. “अकरा वर्षं मी त्यांची वाक्यं वाचतोय, वालेरियन ओसिपोविच. ती कुठे वळतात, कुठे थांबतात, मला पाठ आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पूर्ण पेन्शनला त्यांना दोन वर्षं कमी आहेत. तुम्ही तर तसेही जाणार आहात.”

“कामात चुका होताहेत.”

“चुका?” त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी नजर हलवली नाही. शेवटी त्यांनीच सुस्कारा टाकला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला भांडण परवडत नाही. “आणा लिहून. सही करतो.”

तो हुकूम मी स्वतः लिहिला. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखा नव्हताच. कापितोन लुकिचना बोलावून हातात दिला. त्यांनी खिडकीपाशी जाऊन वाचला. चष्मा लावला नाही. त्यांना चष्मा नव्हताच.

“हुजूर,” ते म्हणाले, “यात ‘दृष्टी’ या शब्दातच एक अक्षर सुटलंय.”

मी पाहिलं. सुटलं होतं.

“असा गेला तर परत येईल. मी नीट उतरवून देतो.”

आणि त्यांनी आपल्या टेबलाशी बसून, आपल्या त्या अप्रतिम अक्षरात, आपली दृष्टी अधू झाल्याचा हुकूम उतरवून काढला. माझ्यापुढे ठेवला. मी या वेळी पहिल्या शब्दापासून वाचला. एकही चूक नव्हती. त्यांनी टिपकागद दाबला, बोरू पुसून पेटीत ठेवला, सर्वांशी हस्तांदोलन केलं आणि गेले. माझा हातही त्यांनी दोन्ही हातांत धरला. म्हणाले, “देव तुमचं भलं करो, वालेरियन ओसिपोविच.” सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठाला नावानं हाक मारली ती तेवढी एकदाच असावी.

देवानं माझं भलं केलं. लिडियानं एका घोडदळातल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं, पण बाकी सगळं झालं. पीटर्सबर्गला मी चढत गेलो. दर पायरीवर कुणीतरी विचारायचं, “रेब्रोव म्हणजे तेच का, तसबिरीवाले?” तेच. मी पुढे न वाचता सही केली नाही. त्यामुळे माझं काम हळू चालायचं, आणि त्यालाही लोक विवेकच समजायचे. सतरा साली सम्राट गेले, नवं सरकार आलं, जुन्या सरकारी वकिलांना एकामागून एक काढलं. माझी फाइल उघडली तर आत तोच कागद. मला बढती मिळाली. मग नवंही सरकार गेलं, आणि मी एका छोट्या ट्रंकेसह रिगाला येऊन पोहोचलो.

इथे मी मुलांना लॅटिन शिकवतो. आमच्यासारख्या परागंदा वकिलांचं एक मंडळ आहे. दर वर्षी जानेवारीत ते मला त्या प्रकरणावर बोलायला लावत. मला ते भाषण आता पाठ झालं होतं. हवालदाराच्या भुवया, बाईचे अश्रू, रात्रभर मी घातलेल्या येरझारा. येरझारा पहिल्या वर्षी नव्हत्या. त्या तिसऱ्या वर्षी आल्या.

एकोणतीस साली भाषण संपल्यावर लोक ओव्हरकोट चढवत होते, तेव्हा एक बाई माझ्याकडे आली. चाळिशी उलटलेली, उंच, जुना पण ब्रश मारलेला कोट.

“मी ग्लाफीरा कापितोनोव्ना. झेर्नोवची मुलगी.”

मी तिला खुर्ची दिली. मला स्वतःलाही लागली.

“बाबा अकरा साली गेले,” ती म्हणाली. “तुमच्याबद्दल कायम चांगलंच बोलायचे. पण एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खात होती. त्यांनी मला सगळं सांगितलंय. घाबरू नका, मी कुणाला सांगायला आलेली नाही. ते म्हणायचे, मी एका बाईला वाचवण्यासाठी दुसऱ्या माणसाची मान सुरीखाली दिली, आणि तीही त्याला न सांगता. देवापुढे याचा जबाब द्यावा लागेल. त्यांना एकच आशा होती. त्यांनी ‘वाचून दाखवू का’ विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही लिहिलाय ना? मग झालं.’ मग पुढे म्हणालात, ‘अक्षर सुंदर होतं.’ बाबा म्हणायचे, कदाचित त्यांनी वाचला असेल. कदाचित सगळं कळून सही केली असेल आणि मला ओझं नको म्हणून बोलले नसतील. वालेरियन ओसिपोविच, तुम्ही वाचला होता का?”

“वाचला होता,” मी म्हणालो. “शब्द न् शब्द.”

तिनं डोळे मिटले. छातीवर क्रूस काढला. तिचा चेहरा एकदम तरुण दिसला, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी चांगलं केलं आपण. मंडळाचा चिटणीस खुर्च्या एकावर एक रचत होता.

मग तिनं डोळे उघडले. आवाजात आरोप नव्हता, ती नुसती समजून घेत होती.

“मग तुम्ही त्यांना काढलंत का?”

आयुष्यभर मी आरोपींना नेमका हाच दुसरा प्रश्न विचारत आलो होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं.

“कारण मी तो वाचला नव्हता,” मी म्हणालो.

ती रडेल असं मला वाटलं. वडिलांची आशा मी तिच्या हातून, देऊन मिनिटभरातच, परत काढून घेतली होती. ती रडली नाही. मग तिनं हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत, आणि उठली. उभी राहिली तेव्हा माझ्यापेक्षा उंच होती.

“म्हणजे तो कागद बाबांचाच होता,” ती म्हणाली. “पूर्ण.”

“हो.”

“मग पुढच्या वर्षी तसं सांगा. मी येईन ऐकायला.”

पुढच्या जानेवारीत मंडळाचं पत्र आलं तेव्हा प्रकृती बरी नसल्यानं येता येणार नाही असं मी कळवलं. प्रकृती उत्तम होती.